विकलेल्या घरातली सुलभा

भाजीवालीशी मेथीच्या जुडीवरून माझी घासाघीस चालली होती, तेवढ्यात फोन वाजला. नंबर अनोळखी. पलीकडचा माणूस आधी नुसता खाकरला, मग म्हणाला, “नंदाताई का? मी दर्यापूरचा भास्करराव बोलून राहिलो... सुलभाताईचा घरमालक.” आणि थांबला. मी ‘हॅलो, हॅलो’ करत राहिले. मग लक्षात आलं, फोन तुटलेला नाही, पलीकडे तो माणूस रडतो आहे. पुढचं त्याला सांगावं लागलं नाही. पहाटे सुलभाच्या छातीत दुखलं, शेजाऱ्यांनी गाडी काढली आणि दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तिचे यजमान अशोकराव कुणाशीच बोलत नव्हते, म्हणून कळवाकळवीचं काम दर्यापूरहून धावत आलेल्या भास्कररावांनी अंगावर घेतलं होतं. अकोल्याहून अमरावतीच्या बसमध्ये बसले तेव्हा रडू येत नव्हतं, नुसतं त्या माणसाचं रडणं कानात घुमत होतं. भाडेकरीण गेली म्हणून घरमालक असा हुंदके देतो... कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. या गोष्टीला आता दीड महिना होऊन गेला.

सुलभा आणि मी अमरावतीच्या कॉलेजात एका वर्गात आणि वसतिगृहाच्या एका खोलीत होतो. ती नांदगाव खंडेश्वरची. घरची काळीभोर जमीन, खाऊनपिऊन सुखी माणसं. मी अकोल्याची, वकिलाची मुलगी, बोलताना दहा वेळा विचार करणारी. सुलभाला विचार करून बोलायची सवयच नव्हती. पहिल्याच दिवशी माझ्या गादीवरची पांढरीशुभ्र चादर बघून म्हणाली, “काय व, दवाखान्यातून आणली का?” मला राग आला होता. महिन्याभरात आम्ही एकाच ताटात जेवायला लागलो. एकदा वसतिगृहातल्या आम्ही पुष्कळशा मुली गुपचूप सिनेमाला गेलो आणि परतताना एकच बिचारी पकडली गेली. वॉर्डनबाई तिच्या घरी कळवणार म्हणून ती रडत होती. बाकीच्या आम्ही पांघरुणात तोंड लपवून पडलो होतो. सुलभा उठली, सरळ वॉर्डनबाईंच्या खोलीत गेली आणि म्हणाली, “मॅडम, आमी साऱ्याच गेलतो. कळवाचं तं साऱ्याइच्या घरी कळवा.” साऱ्यांच्या घरी कळवणं बाईंना झेपण्यासारखं नव्हतं, प्रकरण तिथंच मिटलं. त्या रात्री मुलींनी तिला मनसोक्त शिव्या दिल्या आणि दुसऱ्या दिवशी वर्गणी काढून गिला वडा खाऊ घातला. त्या दह्यातल्या वड्याची चव आणि सुलभाचं ते तोंड भरून हसणं, दोन्ही आज आठवलं तरी जीव हलका होतो.

लग्नं झाली, मी अकोल्यात शाळेत शिक्षिका झाले, ती अमरावतीत. तिची शाळा खाजगी, पगार कधी वेळेवर तर कधी नाहीच. अशोकराव एका ट्रॅव्हल्स कंपनीच्या ऑफिसात होते, पुण्याला जाणाऱ्या गाड्यांचं बुकिंग बघत. स्वभावाने अगदी अबोल. सुलभा एकटी दोघांचं बोलायची आणि ते मान हलवायचे. मूलबाळ झालं नाही, त्याचं दुःख तिने एकदाच माझ्याजवळ काढलं आणि परत कधी काढलं नाही. लग्नानंतर कित्येक वर्षं त्यांनी भाड्याच्या खोल्यांत काढली. एक घरमालक पाहुणे आलेले चालणार नाहीत म्हणे, दुसरा मिक्सरचा आवाज मोठा आहे म्हणे, तिसऱ्याच्या घरी भिंतीत खिळा ठोकायची बंदी. कॅलेंडर कपाटाच्या कडीला लटकवायचं. म्हणून त्यांनी बडनेरा रोडच्या बाजूला नव्या लेआउटमध्ये रो-हाउस घेतलं तेव्हा मी गेले, तर प्रत्येक भिंतीवर काही ना काही टांगलेलं. फोटो, घड्याळ, सूप, कापडी पिशव्या, कंदील सुद्धा. मी म्हटलं, “अगं, हे घर आहे की खिळ्यांचं प्रदर्शन?” ती कमरेवर हात ठेवून चहूकडे बघत म्हणाली, “ठोकू दे मले. लय दिवस हात शिवशिवून राह्यले होते.”

त्या दिवसांत त्या भागाबद्दल लोक काय काय बोलायचे! मोठा रस्ता येणार, कारखाने येणार, दोन वर्षांत भाव दुप्पट. बँकेनेही त्या चढ्या भावावर हसतहसत कर्ज दिलं होतं. पुढे अशोकरावांनी भागीदारीत दोन बसेस घेतल्या आणि त्यासाठी त्याच घरावर आणखी कर्ज उचललं. वर्षभर बरं चाललं. मग लॉकडाऊन आला, गाड्या मैदानात उभ्या राहिल्या, टायर तिथंच बसले, भागीदार नाव काढून घेऊन मोकळा झाला. इकडे मोठा रस्ता दुसरीकडूनच गेला. बिल्डरने मागची रांग अर्धवट सोडली, त्या उघड्या कॉलमांवर बाभळी वाढल्या. हप्ते थकले तेव्हा सुलभाने घर विकून मोकळं व्हावं म्हणून चौकशी केली, तर जो भाव सांगितला जात होता त्याच्यात कर्ज फिटतच नव्हतं. घर दिलं तरी वर देणं उरत होतं. “नंदे,” मला फोनवर म्हणाली, “घर लहान झालं व माझं, आन कर्ज मोठं.” माझ्याजवळ थोडी शिल्लक होती, ती देऊ केली. तिने ऐकूनच घेतलं नाही. “तू मैत्रीण आहे तं मैत्रीणच राह्य. सावकारीण नको होऊ.”

बँकेचं पत्र येणं वेगळं आणि बँकेची माणसं येऊन फाटकाला कागद चिकटवून जाणं वेगळं. अमुक दिवसांत पैसे भरा, नाहीतर घराचा ताबा घेऊन लिलाव होईल, असं त्यावर लिहिलेलं. शेजारपाजारचे येताजाता तो कागद वाचत आणि आत बघत. सुलभाने तो फाडला नाही. “खोटं थोडीच लिवलं त्याच्यात,” म्हणाली. पण अशोकरावांना तो कागद सोसला नाही. ते दिवसभर मागच्या खोलीत बसून राहू लागले. त्यांच्या भावाने सल्ला दिला, चावी नेऊन बँकेच्या टेबलावर ठेवा आणि आमच्याकडे निघून या. एका दुपारी सुलभा शाळेतून आली तर घर सताड उघडं, मोबाइल ओट्यावर आणि अशोकराव नाहीत.

त्यानंतरचं तिने मला एकदाच सांगितलं. ती कुणाला न विचारता रिक्षा करून सरळ बडनेरा स्टेशनावर गेली. स्टेशनच का, हे तिलाही सांगता आलं नाही. फलाटाच्या अगदी टोकाला, जिथं शेड संपते तिथल्या बाकावर अशोकराव बसलेले होते. चपला काढून बाकाखाली नीट ठेवलेल्या. ती जवळ जाऊन बसली. गाडी आली, धडधडत निघून गेली. ती काहीच बोलली नाही... सुलभा काहीच बोलली नाही, यावरून काय ते समजून घ्यावं. मग तिने त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि म्हणाली, “घर चाललं तं चाललं. तू कुठं चालला?” अशोकराव मान खाली घालून रडले. तिने रडू दिलं. मग समोरच्या गाड्यावरून आलूबोंडे आणले, दोघांनी बाकावर बसून खाल्ले आणि रिक्षाने घरी आले. चपला त्यांच्या पायात तिने स्वतः घातल्या. “त्या दिवशी ठरोलं,” मला म्हणाली, “घर आन मानूस, दोन्ही वाचत नसन तं मले मानूस पाह्यजे.”

दुसऱ्याच दिवशी ती बँकेत गेली, आणि मला अकोल्याहून बोलावून सोबत नेलं. वसुलीचं काम बघणारे साहेब तरुण होते, माणूस वाईट नव्हता, पण एकच वाक्य पाठ केल्यासारखं बोलत होते. सुलभाने आधी विचारलं, हप्ता लहान करून मुदत वाढवता येईल का? त्यांनी संगणकात पाहून सांगितलं की दोघांच्याही वयाकडे बघता फार वाढवता येणार नाही, आणि जेवढी वाढेल तेवढ्याने हप्ता आवाक्यात येत नाही. मग तिने विचारलं, “लिलावात काय भाव येईन?”

“सांगता येत नाही, मॅडम. बाजारभावापेक्षा कमीच येतो.”

“आन मंग बाकीचे?”

“ते तुमच्याकडे राहतील.”

“म्हणजे घरही जाईन आन कर्जही राहीन? मंग चावी टेबलावर ठेवून आमी सुटलो कुठं?”

सुलभा खुर्ची पुढे ओढून म्हणाली, “सर, तुमचा लिलाव झाला तं तुमालेही कमीच भेटते ना? मंग मलेच विकू द्या. मी लिलावापेक्षा जास्त आणून देतो. पैसे सरळ तुमच्याच खात्यात. फक्त तोवर फाटकाले कुलूप नका लावू, आन उरलं त्यातलं व्याजाचं काही सोडा. बाकी मी फेडीन.” साहेब वरच्यांना विचारतो म्हणाले. ती रोज शाळा सुटली की त्यांच्या टेबलासमोर जाऊन बसायची. रागावली नाही, रडली नाही, डबा उघडून त्यांना चिवडा मात्र द्यायची. शेवटी बँकेने तिला मुदत दिली. कर्जापेक्षा कमी किमतीत विकायला संमती द्यायची आणि उरलेल्यातलं काही सोडून बाकीचे लहान हप्ते पाडून द्यायचे, असं ठरलं. पण मुदतीत गिऱ्हाईक आलं पाहिजे, नाहीतर लिलाव.

गिऱ्हाइकं येत आणि जात. एका रविवारी मी तिथं असताना भास्करराव आले. दर्यापूरकडचे शेतकरी, चांगली ओलिताची जमीन, डोक्याला रुमाल, सोबत आठवीतली मुलगी गौरी. मुलगी पुढे शिकायला अमरावतीत येईल, तेव्हासाठी घर पाहून ठेवायचं होतं. सुलभा त्यांना घेऊन फिरली. ही भिंत पावसाळ्यात ओल धरते. हा नळ गळतो. मागची रांग अशीच पडून आहे, तिथं साप निघतात. समोरचा रस्ता पक्का होईल असं म्हणतात पण माझा भरवसा नाही. मी मागून तिचा पदर ओढत होते. ती मुदत संपत आली होती, लिलाव डोक्यावर होता आणि ही बाई सापांची माहिती देत होती! भास्कररावांनी सगळं ऐकलं, मग रुमाल काढून हातात घेतला आणि म्हणाले, “बाई, तुमी घर विकून राहिल्या का घेऊ नका म्हणून सांगून राहिल्या?”

“घेतल्यावर तुमी मले शिव्या द्यान ना बापा. त्यापेक्षा आत्ताच देऊन टाका.”

ते इतके हसले की गौरीही हसायला लागली. मग त्यांनी हळूच विचारलं, “काहून विकून राहिल्या? घर तं जीव लावून ठेवलं दिसते.” सुलभाने तेही लपवलं नाही. बसेस, हप्ते, बँक, सगळं सांगितलं. बडनेऱ्याचं तेवढं सांगितलं नाही. भास्करराव बराच वेळ अंगणातल्या लिंबाच्या झाडाकडे बघत बसले. लिंबं लागली होती. जाताना म्हणाले, “घर घेतो. पन पोट्टी यायले अजून चार वर्षं हायेत. तोवर बंद घराले वाळवी लागन. तुमीच राहा ना इथं. भाडं जमन ते द्या.”

सुलभाने कधी नव्हे ते उत्तर द्यायला वेळ घेतला. मग म्हणाली, “जमन ते नाही. गल्लीत चालते ते देईन. पाहुनी म्हणून नाही राहाची मी, भाडेकरू म्हणून राहीन.”

खरेदीखत झालं त्या संध्याकाळी मी तिच्याकडेच होते. पैसे बँकेत गेले, फाटकावरचा कागद बँकेच्याच माणसाने येऊन काढला. सुलभा दारावरची नावाची पाटी स्क्रू काढून उतरवत होती. अशोकराव स्टूल धरून उभे होते. पाटी हातात आल्यावर ती स्टुलावरच बसली आणि मोठ्याने रडली... माझ्यासमोर तेवढं एकदाच. मग पदराने पाटी पुसली, पलंगाखाली सारली आणि खिचडी टाकायला उठली.

आपल्याच घरात भाडेकरू होऊन राहणं सोपं नसतं. पहिल्या दिवाळीला तिने भास्कररावांना फोन लावला, मी शेजारीच बसले होते. “भाऊ, आकाशकंदिलासाठी एक खिळा ठोकू का?” तिकडून आवाज आला, “अवो ताई, इचारता काय? तुमचीच भिंत हाय ती.” सुलभा शांतपणे म्हणाली, “होती. आता नाही, म्हणून तं इचारून राहिली.” मग भास्करराव म्हणाले, “ठोका ताई. दोन ठोका.” फोन ठेवून ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. ते कशाचं पाणी, मी विचारलं नाही. हळूहळू त्या नात्यातला अवघडपणा गेला. दर्यापूरहून तुरीची डाळ, हरभऱ्याचे घाटे येऊ लागले, इकडून लिंबाचं लोणचं जाऊ लागलं. गौरी सुट्टीत राहायला यायची आणि सुलभाकडून व्याकरण शिकायची. अशोकरावांना एका मेडिकल दुकानात हिशेबाचं काम मिळालं. ते बोलत मात्र पूर्वीपेक्षाही कमी.

त्या रांगेत सुलभासारखीच अडकलेली आणखी घरं होती. लोक तिच्याकडे येऊ लागले. ती सगळ्यांना एकच सांगायची, कागद चिकटायची वाट पाहू नका, आधी जाऊन समोर बसा. एका जोडप्याचा हप्ता तिने खटपट करून लहान करून घेतला, एकाने वरचा मजला भाड्याने देऊन घर सांभाळलं. एका घराचं मात्र काहीच जमलं नाही. त्या माणसाने सगळ्यांपासून लपवत लपवत उशीर केला होता. त्याच्या घराचा लिलाव झाला त्या दिवशी सुलभा जेवली नाही, असं अशोकरावांनी मला नंतर सांगितलं. तिचं स्वतःचं उरलेलं देणं गेल्या वर्षी संपलं. बँकेतून आली आणि मला फोन केला, “नंदे, आता मी कोनाचं काही लागत नाही. मोकळी झाली मी.” मी विचारलं, आता काय करणार? म्हणाली, “झोपतो ना दुपारची.”

आमची शेवटची भेट उन्हाळ्यात झाली. गौरीची बारावी झाली होती, ती आता कॉलेजसाठी येणार होती. सुलभा घर रिकामं करायच्या तयारीला लागली होती. भास्करराव ‘घाई नका करू’ म्हणत होते, पण ती ठरल्या शब्दाची. जवळच दोन खोल्या पाहून आली होती. मला दाखवायला नेलं, खिडकीतून पडीक मैदान दिसत होतं. “इथून उजेड चांगला येते,” म्हणाली. परतताना रस्त्यात थांबून दम घेतला. “वय झालं व आपलं,” एवढंच म्हणाली, आणि मीही तेवढ्यावरच सोडून दिलं...

परवा मी पुन्हा तिकडे गेले. गौरी वरच्या खोलीत राहते आहे. अशोकराव त्या दोन खोल्यांत जायला निघाले होते, सामान बांधून झालं होतं. गौरीने वडिलांना बोलावून घेतलं आणि म्हणाली, काका जातील तर मी हॉस्टेलला राहीन. भास्कररावांनी अशोकरावांसमोर हात जोडले म्हणे. तेव्हा ते राहिले आहेत, खालच्या मजल्यावर. गौरीने चहा केला. अशोकराव खुर्चीत बसून होते. मी काहीबाही बोलत होते, ते मान हलवत होते. आम्हा तिघांमध्ये सुलभाची जागा एवढी मोठी रिकामी होती की बोलणं पुढे सरकेना.

तेवढ्यात मोरीतल्या बादलीत धार पडल्याचा आवाज आला. त्या भागात पाणी एक दिवसाआड येतं, वेळेचा नेम नाही, आणि रांगेत सगळ्यात आधी येतं ते याच घरी. इतकी वर्षं सुलभा हातातलं काम टाकून फाटकाशी धावायची आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायची. घर तिचं होतं तेव्हाही, आणि भाड्याचं झालं तेव्हाही. मला ते आठवलं, गौरीलाही आठवलं असावं, आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही. गौरी म्हणाली, “ती गेल्यापासून शेजारच्यांचं पाणी भरायचं राहून जाते, काकू. कोनाले समजतच नाही.” बादली भरून वाहायला लागली.

अशोकराव उठले. मला वाटलं, नळ बंद करायला चालले. ते पुढच्या दाराने अंगणात गेले, लिंबाखालून फाटकापाशी गेले, फाटकाची कडी धरून जरा वेळ तसेच उभे राहिले. मग त्या माणसाने, ज्याचा चढलेला आवाज मी उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता, गळ्याच्या शिरा ताणून हाक दिली, “नळ आले होऽऽ!”

आवाज मध्येच फाटला. त्यांनी घसा साफ केला आणि पुन्हा ओरडले. एकेक दार उघडू लागलं, बाया हंडे-बादल्या घेऊन बाहेर आल्या.